रानरोपांना आता युरिया नको, ओल सांभाळा

भाद्रपद सरत आला आणि कोकणात पाऊस हात आखडता घेऊ लागला, की वरकस जमिनीत ऐन, किंजळ, खैर, शिवण लावलेले शेतकरी एकच प्रश्न घेऊन येतात. आषाढात लावलेली रोपे दुपारी माना टाकतात, खालची पाने पिवळी पडली आहेत, तर युरिया किती द्यायचा? यंदा हा प्रश्न जास्तच येतो आहे, कारण पावसाने लांब उघडीप दिली आणि कातळालगतची माती वेळेआधीच तापली. उत्तर आधीच सांगतो. एक दाणाही द्यायचा नाही.

खड्डा केवढा घ्यावा, पिशवी कशी फाडावी, कुंपण कसे घालावे हे तुम्हाला ठाऊक आहे. रोपे मरताहेत ती त्यामुळे नव्हेत. पाणी आणि खत यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे न पाहता दोन्ही ओतली जातात, तिथे घोटाळा होतो.

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढचे सात-आठ महिने रोपाला मिळते ती मातीत उरलेली ओल, आणि ती रोज थोडी थोडी खाली सरकते. मूळ तिच्या मागोमाग गेले तर रोप जगते. वीतभर खोलीवर अडकले तर शिमगा येण्याआधीच ते वाळते. आश्विनात रोपाची उंची मोजून समाधान मानणारे चुकीचे टोक मोजत असतात.

नत्र मिळाले की शेंडा जोमाने फुटतो, पाने रुंद आणि कोवळी येतात, त्यांतून पाण्याची वाफही तितकीच जाते. त्याच वेळी अन्न आयते मिळाल्यामुळे रोप मुळे कमी धरते. म्हणजे पाण्याची गरज वाढली आणि पाणी ओढणारे मूळ तोकडे राहिले. हिरवेगार रोप पाहून शेतकरी खूश होतो आणि पौष-माघात तेच रोप उभ्याउभ्या वाळते.

एका गावातली खैराची लागवड मी विसरलो नाही. रस्त्याकडेच्या ओळी येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतात म्हणून मालकाने त्यांना गणपतीनंतर दोनदा युरिया दिला होता. आतल्या ओळींकडे कोणी पाहिलेही नव्हते. दिवाळीत रस्त्याकडची रोपे कमरेला लागत होती, आतली गुडघ्याएवढीच. एप्रिलमध्ये गेलो तेव्हा रस्त्याकडची बहुतेक वाळली होती आणि आतली खुरटी रोपे जिवंत होती. दोन्हीकडचे एकेक रोप खणून काढले. युरियावाल्याचे मूळ पिशवीच्या आकारातच गोल फिरले होते. खुरट्याचे सोटमूळ जांभ्याच्या फटीत इतके खोल गेले होते की ते सबंध निघालेच नाही. शिवाय खैराच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून देतात. वरून युरिया टाकला की त्या गाठी धरणेच कमी होते. खैराला युरिया घालणे म्हणजे त्याची स्वतःची सोय मोडून काढणे.

युरिया नाही तर पोटॅश देतो, असे म्हणणारेही भेटतात. पनामा कालव्यालगतच्या गिगांते द्वीपकल्पावरच्या जंगलात १९९८ पासून नत्र, स्फुरद आणि पालाश वेगवेगळे आणि एकत्र घालून प्रयोग चालवला गेला आहे. तिथे पालाशाने रोपांची उंची वाढली, पण मुळांचा वाटा घटला. त्या भागात पाऊस आपल्यासारखाच भरपूर, मात्र कोरडा काळ सुमारे चार महिन्यांचा. तेवढ्यावर तिथले रोप निभावून नेईल. आपल्याकडे कोरडा काळ त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. इथे मुळाचा वाटा घटवून कसे चालेल?

स्फुरदाची गोष्ट आणखी वेगळी. जांभ्याच्या आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतात. जे सुटे असते तेही मातीतल्या ओलीतूनच, तेही केसभर अंतर, मुळाकडे सरकते. माती सुकली की हा मार्ग बंद. आता डीएपी टाकले तर ते जागेवरच पडून राहील. उलट सुक्या मातीत खताचे क्षार मुळाजवळ साचतात आणि उरलेली ओलही मुळाला ओढता येत नाही. स्फुरद द्यायचेच तर पुढच्या लागवडीला शेणखताबरोबर खड्ड्यात रॉक फॉस्फेट घाला. आम्ल जमिनीत ते हळूहळू विरघळते.

जंगलातल्या झाडांच्या मुळांवर बुरशी राहते. मूळ पोहोचत नाही तिथला स्फुरद ती आणून देते. म्हणून लागवडीच्या वेळी त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची ओंजळभर माती खड्ड्यात घालावी. बाजारातल्या टॉनिकच्या बाटल्या, ताक, हिंगाचे पाणी, गुळाचे पाणी यांवरचा खर्च आणि वेळ वाया जातो, हे स्पष्ट सांगतो. ताजे शेण तर बुंध्याजवळ मुळीच नको. त्याने वाळवी आणि हुमणी येते.

आता पाण्याचे. रोज संध्याकाळी लोटाभर पाणी घालण्याची सवय सोडा. त्याने वरची दोन बोटे माती भिजते, मुळे पाण्यासाठी वर येतात आणि एक दिवस चुकला की भाजतात. त्यापेक्षा दहा-बारा दिवसांनी एकदा, आठ-दहा लिटर पाणी सावकाश मुरू द्या. दुसऱ्या दिवशी बुंध्यापासून हातभर अंतरावर पहारीने भोक पाडून पाहा. फूटभर खाली माती ओली लागली तर पाणी पुरले. पाणी दूर असेल तर आधी गवत बेणा, कारण रोपाभोवतीचे गवत रोपाच्या वाट्याची ओल पिते. हातभर त्रिज्येत बेणून तेच गवत आणि पालापाचोळा चार बोटे जाडीचा पसरा. बुंध्याला मात्र चिकटू देऊ नका.

आणि इथे मला राग येतो. दरवर्षी कोणीतरी रान साफ दिसावे म्हणून सगळा पाचोळा गोळा करून पेटवतो. त्यात नत्र धुरावाटे जातो, उरलेली राख पहिल्या पावसात वाहून जाते आणि माती उघडी पडून दोन आठवड्यांत खडखडीत होते. वर तोच माणूस खताच्या दुकानात उभा असतो. असल्या रानाला सल्ला देऊन काय उपयोग? राब भाजायचा तो भाताच्या रोपवाटिकेत भाजा, लागवडीत काडीही पेटवू नका. गवत वाळण्याआधी जाळरेषा काढा.

ऐन, किंजळ, साग उन्हाळ्याकडे पाने गाळतात. ती त्यांची पाणी वाचवण्याची रीत आहे, रोग नव्हे. खोडाची साल नखाने खरवडा. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे, त्याला उपटू नका, खतही देऊ नका.

जी रोपे खरोखर मेली, ती फेकून देण्याआधी मुळासकट खणून काढा आणि कृषी सहायकाला दाखवा. नुसती पिवळी पाने पाहून कोणालाही कारण सांगता येत नाही.