ढोलकीवाला आला नाही तर

पोरांनो, गायन पार्टी बांधताय, चांगलं आहे. पेटी, ढोलकी, बँजो, ऑक्टोपॅड, कोरसला दोघं-तिघं आणि एक गाडी, एवढं जमलं की नांदेड-लातूरच्या पट्ट्यात वर्षभर काम मिळतं. १४ जानेवारीला नामविस्तार दिन, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलपासून पुढं महिनाभर भीमजयंतीचे कार्यक्रम, १ ऑगस्टला अण्णा भाऊंची जयंती, मग गणपती, नवरात्र, आणि मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची जत्रा. काम भरपूर आहे, पण ठरल्या वेळेला सगळे साथीदार स्टेजवर असतील याची खात्री कोणालाच नसते. दांड्या मारणाऱ्या साथीदाराला कसं सांभाळायचं हे मला माझ्या वस्तादांनी सांगितलं, पुढं पार्टी चालवताना त्यातलं बरंचसं पटत गेलं, काही माझंही त्यात पडलं. ते आता तुम्ही ऐका.

असा माणूस बहुतेक वेळा गुणी असतो. वाजवण्यात कच्चा आणि वर उशिरा येणारा, त्याला कोणीही दुसऱ्या दिवशी नारळ देतं. घोर लागतो तो ज्याची थाप पडली की मांडव हलतो त्याचा. म्हणून त्याला शिक्षा काय करायची याचा विचार आधी करू नका. आपला कार्यक्रम त्याच्या एकट्यावर का टांगलेला आहे, हे आधी बघा. कोणाच्याही एकट्याच्या जिवावर सुपारी घ्यायची नाही, तुमचा स्वतःचा गळा कितीही गोड असला तरी.

परभणीच्या राजारामबापू कदमांनी ज्या गोंधळाला मोठा मान मिळवून दिला, त्या गोंधळाची रचना एकदा नीट बघा. माहूरच्या रेणुकेच्या मुलखात ती तुम्ही लहानपणापासून पाहिली आहे. नाईक कथा सांगतो, संबळ आणि तुणतुणं त्याला साथ देतं, आणि मागचे झिलकरी त्याचे शेवटचे शब्द उचलून झील धरतात. रात्र-रात्र झील धरता धरता झिलकऱ्याला सगळं आख्यान पाठ होतं. नाईकाचा घसा बसला तर मागचा माणूस पुढं सरकून कथा ओढू शकतो. त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

आपल्या पार्टीतही हेच करता येतं. तालमीला बँजोवाल्याला कोरसमध्ये गायला लावा. कोरसच्या पोराला ढोलकीवर केरवा आणि दादरा बसवून घ्या. त्यानं उस्ताद व्हावं अशी अपेक्षा नाही, पहिला अर्धा तास पडू न देता नेता आला की झालं. ऑक्टोपॅडवाल्याला सांगून ठेवा, ढोलकी नसली तर कोणत्या गाण्याला त्यानं काय धरायचं. ढोलकीचा लहेजा ऑक्टोपॅडमध्ये येत नाही हे मलाही कळतं, पण रिकामा ताल ऐकण्यापेक्षा लोक ते आनंदानं ऐकतात. मोबाईलमधला ट्रॅक मात्र अगदी शेवटचा उपाय. ट्रॅकवर गाणारा लोकांची दाद पाहून ओळ परत घेऊ शकत नाही, आणि आपल्या गाण्यात ओळ परत घेण्यातच अर्धी गंमत असते.

एक वही ठेवा. प्रत्येक गाण्यापुढं पट्टी, ताल, अंतरे किती, मूळ कोण म्हणतं आणि तो नसेल तर कोण म्हणणार, एवढं लिहा. पट्टी लिहायला विसरू नका. मुख्य गायकाची काळी चार आणि बदली गायकाची काळी एक असली, तर ऐन वेळी नुसती पेटीवाल्यानं बोटं सरकवून भागत नाही. बँजो लावावा लागतो, ढोलकी सुरात आणावी लागते, आणि भाद्रपदातल्या दमट हवेत कातडं सैल पडलेलं असतं. म्हणून दुसरी ढोलकी गाडीत हवीच. ती साथीदाराच्या मालकीची नको, पार्टीच्या पैशातून घेतलेली हवी.

आता तो येत का नाही, याकडं वळू. इथं घाईनं बोलू नका, कारण प्रत्येकाचं कारण निराळं असतं आणि बऱ्याचदा त्या कारणात आपलाही हात असतो.

सगळ्यात जास्त भांडणं मी पैशावरून पाहिली आहेत, आणि तीही बिदागीपेक्षा बक्षिसावरून. गाणं रंगात आलं की माणसं उठून दहाच्या, पन्नासच्या, शंभराच्या नोटा देतात, निवेदक त्यांची नावं पुकारतो. नोट गायकाच्या हातात पडते. पण ती नोट ज्या तिहाईवर आली ती ढोलकीवाल्याची होती, हे त्याला ठाऊक असतं आणि गायकालाही ठाऊक असतं. गायकानं ती गुपचूप खिशात घातली की पुढच्या तारखेला ढोलकीवाल्याचं पोट दुखतं, त्याच्या पुढच्या तारखेला पाहुणा मरतो. तेव्हा बक्षिसाचा नियम पहिल्याच बैठकीत ठरवा. सगळी बक्षिसं एका रुमालात, आणि रुमाल सगळ्यांसमोर सोडायचा. बिदागीचंही तसंच. सुपारी कितीची, विसार किती आला, गाडीला किती गेले, हे सगळ्यांना कळू द्या आणि वाटणी त्याच रात्री, गाडी निघायच्या आधी करा. मंडळानं पैसे उद्यावर ढकलले असतील तर तेही तिथंच सांगा. ज्याचे मागच्या कार्यक्रमाचे पैसे तुमच्याकडं अडकलेत, त्याला बेभरवशाचा म्हणायचा हक्क तुम्हाला नाही.

दुसरं कारण शेताचं. आपल्या भागात सोयाबीनची काढणी नेमकी नवरात्राच्या आगेमागे येते. पाऊस डोक्यावर असताना, शेंगा तडकायला लागलेल्या असताना, घरचं पीक रानात सोडून कोण ढोलकी गळ्यात अडकवील? काही साथीदार ऊसतोडीला जातात, ते दिवाळीनंतर मार्चपर्यंत धरूच नका. हे आधी विचारलं की माणूस खरं सांगतो. ऐन वेळी विचारलं की तो लाजेनं हो म्हणतो आणि येत नाही.

तिसरं कारण दोन सुपाऱ्यांचं. एप्रिलात गावोगावी जयंती, चांगले वादक मोजके, आणि एका रात्री दोन ठिकाणचा विसार घेण्याचा मोह कोणालाही होतो. त्याला चोर ठरवू नका. उघड बोला: "दादा, दुसरीकडं किती वाजता मोकळा होशील?" तो उदगीरहून साडेआठला सुटणार असेल तर त्याची गाणी उत्तरार्धात टाका आणि पूर्वार्धाला दुसरा माणूस धरा. मात्र त्या दुसऱ्याला पूर्ण हिस्सा द्या. बदली माणसाला अर्ध्या पैशात राबवणाऱ्या पार्टीला पुढच्या वेळी बदली माणूस मिळत नाही. अहमदपूर, उदगीर, देगलूर, कंधार, जिथं जाल तिथल्या वादकांशी ओळख ठेवा. त्यांच्या घरच्या लग्नाला, दुःखाला जा. गरजेच्या रात्री फोन उचलणारा माणूस असा जोडावा लागतो.

चौथं कारण खरोखरच्या अडचणीचं. पोर तापानं फणफणलं आहे, आई दवाखान्यात आहे. अशा वेळी पोरं विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट काढतात, की त्या माउलीनं वगाच्या मधेच बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर पाय ठेवला. त्या गोष्टीनं विठाबाईंची थोरवी कळते. पण कलावंताला असं करावं लागलं हे दुःखाचं आहे, ते दुसऱ्याला लाजवायला वापरू नका. ज्यानं फोन करून "येता येत नाही" सांगितलं तो भरवशाचाच माणूस. न सांगता गायब होणारा वेगळा. या दोघांना एका मापानं मोजलंत तर पुढं कोणीच आधी सांगणार नाही.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. शक्यतो सगळे एकाच गाडीत. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागून" हे ऐकलं की ढोलकी तरी आपल्या गाडीत ठेवून घ्या. नांदेडहून लातूर लोहा, अहमदपूर, चाकूर अशा वाटेनं तीन तासांच्या आसपास, मधेच चहा झाला तर आणखी. रेल्वे मात्र परभणी-परळीवरून वळसा घालते, आणि नवखा माणूस लातूर रोड स्टेशनला लातूर समजून उतरतो, तिथून शहर तीसेक किलोमीटर राहतं. लातुरात "गोलाईत भेटू" एवढंच सांगू नका. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, कोणत्या रस्त्याच्या तोंडाशी उभं राहायचं ते सांगा. फोनवर "निघालास का?" असं विचारलं की "निघालोय की, लोह्याजवळ आलोय" हेच ऐकू येणार. त्यापेक्षा "कोणत्या गाडीत बसलास, तिकीट कुठपर्यंतचं काढलंस" असं विचारा. माणूस घरीच असेल तर उत्तर द्यायला अडखळतो, आणि तुम्हाला दोन तास आधी कळतं.

आता प्रत्यक्ष रात्र. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, तेव्हापासून रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट मिळते, आणि तुमचा कार्यक्रम त्याच दिवशी असेल असं नाही. पूर्वी पार्टी दहाला उभी राहायची आणि पहाटे उतरायची, उशिरा आलेला साथीदार त्यात मुरून जायचा. आता सातचा कार्यक्रम आठला सुरू झाला तर गेलेला तास परत मिळत नाही, वर पोलीस आले की बोलणी मंडळाच्या पोरांना खावी लागतात. म्हणून वाट बघत बसू नका. वेळ झाली की आहेत त्यांना घेऊन वंदना सुरू करा. पहिली तीन-चार गाणी कायम अशी ठेवा की जी पेटी, टाळी आणि कोरसवर उभी राहतील. वामनदादा कर्डकांची गाणी आपल्याकडच्या माणसांना तोंडपाठ आहेत, एक ओळ तुम्ही टाकली की पुढची मांडवच म्हणतो. त्या ताकदीचा आधार घ्या.

आयोजकाला खरं सांगा: अमुक वादक आला नाही, त्याच्या जागी हा बसेल. सांगायचं ते कार्यक्रमाआधी, बाजूला घेऊन. माइकवरून मात्र त्याचं नाव काढायचं नाही, टोमणा मारायचा नाही. समोर त्याच्या सासुरवाडीचं कोणी बसलेलं असू शकतं, आणि चारचौघांत गेलेली अब्रू कोणत्याही समजुतीनं परत येत नाही. तो मधेच धावत आला, तर चालू गाणं संपू द्या, बदली बसलेल्या पोराला टाळ्या मिळू द्या, मग त्याला जागा द्या. डोळे वटारू नका. त्या क्षणी तुम्हाला त्याच्याकडून चांगलं वाजवून घ्यायचं आहे.

पिऊन आलेला माणूस आलाच नाही असं समजायचं. यात माझ्याकडं सूट नाही. जयंतीच्या स्टेजवर, देवीच्या समोर, बायाबापड्या लेकरं घेऊन बसलेल्या असताना झोकांड्या खाणारा वादक चालणार नाही, मग तो कितीही मोठा असो. वाद न घालता एकानं त्याला गाडीत नेऊन झोपवावं, दुसऱ्यानं वाद्य ताब्यात घ्यावं. त्या रात्रीचा हिस्सा त्याला नाही, हेही आधीच ठरलेलं असावं. पण दारू रोजची झाली असेल तर तो आजारी आहे हे ओळखा आणि त्याच्या घरच्यांशी बोला, उपचाराला न्या. चांगले चांगले हात मी त्यापायी थरथरताना पाहिले आहेत, आणि आपण सगळे नुसतं पाहत राहिलो याचा मला फार राग येतो.

बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, दुपारनंतर, एकट्याला गाठून. त्याच्या घरी गेलात तर बायको-पोरांसमोर विषय काढू नका. वयानं मोठा असेल तर काका-मामा म्हणूनच बोला, पण मुद्दा गिळू नका: "काका, तुम्ही नव्हता तर आम्ही उघडे पडलो. पुढची तारीख अहमदपूरला आहे. जमणार का, आत्ताच सांगा. नसेल जमत तरी राग नाही." मग गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. तो जे सांगेल त्यात बहुधा पैसा, शेत, दुसरी पार्टी किंवा घर, यांपैकी काहीतरी निघतंच.

इतकं करूनही तो न सांगता गायब होत राहिला तर सोडून द्या. ढोलकी चांगली वाजते म्हणून वर्षानुवर्षं ओढत नेऊ नका, कारण वेळेवर येणारे बाकीचे साथीदार ते बघत असतात आणि एक दिवस तेच उठून जातात. सोडताना त्याचे सगळे पैसे चुकते करा, हंगाम संपल्यावर सोडा, आणि दुसऱ्या पार्टीनं त्याच्याबद्दल विचारलं तर त्याच्या हाताबद्दल जे चांगलं आहे तेही सांगा. त्याचं पोट त्याच हातावर आहे.

नवरात्राच्या तारखा आता लागायला सुरुवात होईल. पहिला विसार हातात घेण्याआधी सगळ्यांना एकदा एकत्र बसवा, वही उघडा, आणि प्रत्येकाला पहिलं हेच विचारा की तुमचं सोयाबीन कधी निघणार आहे. ते लिहून झाल्यावर मगच मंडळांना होकार कळवा.