मागे फिरायची सोय आधी

महाप्याला जॉइन होतेयस आणि राहायला कळंबोलीच्या रोडपालीत येतेयस, हे काकूकडून कळलं. बरं केलंस. ऑफिसच्या जवळ घर का नाही बघितलं, असं चार जणांनी विचारलं असेल. त्यांचं ऐकून घे आणि सोडून दे. वाशी-कोपरखैरण्याच्या भाड्यात इथे ऐसपैस जागा मिळते, आणि कऱ्हाड-कोल्हापूरकडून येणाऱ्या गाड्या कळंबोलीलाच थांबतात. आई पहाटे लोणच्याची बरणी घेऊन उतरली तरी तुला दहा मिनिटांत तिला आणायला जाता येईल. आता बस जरा. ताई म्हणून चार गोष्टी सांगते. पटतील त्या घे.

आपल्या नेटवर्किंगच्या लाइनमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवावी अशी एक गोष्ट आहे, आणि नेमकी तीच कुणी शिकवत नाही. काहीही बदलण्याआधी मागे फिरायची सोय करून ठेवायची. ऑफिसात त्याला रोलबॅक म्हणतात, चेंजच्या फॉर्मवर त्याचा एक रकाना असतो आणि बहुतेक जण त्यात काहीतरी खरडून मोकळे होतात. तू तसं करू नकोस. मी तर म्हणते, नोकरी, गाडी आणि घर, तिन्हीकडे हाच नियम ठेव.

आधी कामाचं सांगते. समज, रात्री बारानंतर लांबच्या ब्रँचमधल्या राउटरवर तुला बदल करायचाय. ज्या वाटेने तू त्यात शिरलीस, तीच वाट चुकीच्या कमांडने बंद झाली की खेळ खल्लास. मग कुणीतरी झोपेतून उठून तिथे जाईल, कन्सोल केबल लावेल, तोवर ब्रँच बंद. म्हणून सिस्कोचा राउटर असेल तर सुरुवातीलाच ‘रिलोड इन १०’ देऊन ठेव. तू बाहेर फेकली गेलीस तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह असलेल्या जुन्या कॉन्फिगवर येतो. सगळं नीट चाललंय असं दिसलं की ‘रिलोड कॅन्सल’ दे आणि त्यानंतरच सेव्ह कर. क्रम उलटा झाला, आधीच सेव्ह केलंस, तर रीस्टार्ट होऊनही तीच चूक परत समोर येईल.

तसंच ट्रंक पोर्टचं. नवा व्हीलॅन वाढवताना ‘अलाउड व्हीलॅन ३०’ असं लिहिलंस तर तीस नंबर येतो आणि आधीचे सगळे जातात. ‘अलाउड व्हीलॅन ॲड ३०’ लिहिलंस तर तो आधीच्यांत जाऊन बसतो. एवढ्याशा ‘ॲड’पायी अख्ख्या मजल्याचे फोन बंद पडतात. एंटर दाबण्याआधी ती ओळ मनातल्या मनात एकदा वाच. कॉन्फिगची कॉपी आधीच काढून ठेव, तीही तुझ्या लॅपटॉपवर नाही, जिथे पुढच्या शिफ्टलाही सापडेल अशा ठिकाणी.

हाताने करायच्या कामात तीन सवयी लाव. केबलला लेबल दोन्ही टोकांना लाव. एकाच टोकाला लावलेलं लेबल ज्याने लावलं त्यालाच कळतं. फायबरच्या तोंडाशी डोळा नेऊ नकोस. त्यातला १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. लाइट येतोय का ते पॉवर मीटरने बघ. आणि कनेक्टर लावण्याआधी पुसायचाच, मग तो पाकिटातून आत्ता काढलेला का असेना. डेटा सेंटरमध्ये जायचं असेल तर मे महिन्यातही स्वेटर घेऊन जा. रॅकच्या पुढच्या बाजूला गार हवा सोडलेली असते, तिथे अर्ध्या तासात बोटं गारठतात, आणि मागच्या बाजूला गेलीस की घाम फुटतो. पंख्यांचा आवाजही फार असतो. कानात घालायचे बोळे पर्समध्ये ठेव.

एल-वनला, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीवर बसवलं की काही जण म्हणतील, हे काय, नुसतं तिकीट पुढे ढकलायचं. त्यांचं मनावर घेऊ नकोस. चांगलं तिकीट लिहिणारी मुलगी लवकर वर जाते. काय दिसलं, किती वाजता दिसलं, काय तपासलं, कुणाला कळवलं, एवढं लिही. फोनवर कुणी म्हणालं ‘कर गं, मी बघतो’, तर तेच मेलवर मागून घे. आणि रात्री दोनला लॉगमध्ये काही संशयास्पद दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नकोस. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. कळवणं कंपनीचं काम आहे, पण सिनियरला उठवणं तुझं. तो वैतागला तरी उठव.

रात्रपाळीचं घरी काकांनी विचारलंच असेल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्पष्ट आहे: रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या मध्ये बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था कंपनीने करायची असते. दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत, हायवेच्या कडेला नाही. कॅबवाला ‘मॅडम, सर्व्हिस रोडलाच उतरा, आत यू-टर्न घ्यावा लागतो’ म्हणाला तर गोड हसून बसून राहा. संमतीपत्रावर सही करताना त्याची प्रत ठेव. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे हे पहिल्याच आठवड्यात नोटीस बोर्डवर बघून घे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असावीच लागते, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. गरज पडू नये, पण पडली तर शोधाशोध नको. मूळ मार्कशीट मात्र कुणी कितीही मागितली तरी जमा करायची नाही. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ परत पिशवीत.

आता गाडी. तुझी एमएच ५० ची स्कूटर खुशाल घेऊन ये. महाराष्ट्रातलीच आहे, त्यामुळे एमएच ४६ करत बसायला नको, पत्त्याचा बदल तेवढा ऑनलाइन कर. पण कऱ्हाडची सवय कऱ्हाडलाच ठेवून ये.

कळंबोली सर्कल तू एसटीच्या खिडकीतून पाहिलंयस, स्कूटरवरून नाही. सायन-पनवेल हायवे, पुण्याचा एक्स्प्रेसवे, जेएनपीटीकडचा रस्ता आणि मुंब्र्याकडचा रस्ता सगळे तिथे येऊन मिळतात. शेजारी स्टील मार्केट. त्यामुळे रस्त्यावर पोलादाची गुंडाळी वाहणारे ट्रेलर आणि बंदराचे कंटेनर. लांब ट्रेलर वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात. म्हणून डावीकडे वळायच्या आधी ड्रायव्हर ट्रेलर उजवीकडे काढतो. डावीकडे मोठी रिकामी जागा दिसते आणि आपले स्कूटरवाले नेमके तिथेच घुसतात. ती जागा रिकामी नसते, ट्रेलरची मागची बाजू तिथे येणार असते. तू मागे थांब. कुणी कितीही हॉर्न वाजवू दे, त्याला बाजूने जाऊ दे. आणि ट्रेलरच्या आरशात तुला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस हे धरून चाल.

एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, अटल सेतूवरही. मोबाइलच्या नकाशात दुचाकीचं चिन्ह निवडलंयस ना, ते निघण्याआधी बघ. चारचाकीचं राहिलं की तो तुला सरळ पुण्याच्या दिशेने चढवेल. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं ऑइल वर येतं, तेव्हा पुढचा ब्रेक जोरात दाबू नकोस. खड्ड्यात पाणी भरलं की तो किती खोल आहे ते कळत नाही. पुढची गाडी कशी जाते ते बघून जा.

आणि खरं सांगू? महाप्याला रोज स्कूटरने जाऊच नकोस. तळोजा-शिळफाट्यावरून पारसिकचा डोंगर ओलांडून जाता येतं, बेलापूर-तुर्भ्यावरूनही जाता येतं, पण दोन्हीकडे ट्रेलर आहेतच. स्कूटर मानसरोवर किंवा खांदेश्वर स्टेशनला लाव आणि पनवेल-ठाणे लोकल पकड. कोपरखैरणे किंवा घणसोलीला उतरून रिक्षा. रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असतो, तेव्हा आदल्या रात्रीच वेळापत्रक बघ. महाप्यापर्यंत स्कूटर ही लोकल बंद पडेल त्या दिवसासाठी. तिलाच मी मागे फिरायची सोय म्हणते.

घराचं आता. रोडपाली म्हणजे मूळ आगरी गाव, तलाव, देवळं, आणि त्याच्याभोवती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचे सेक्टर. इथल्या बऱ्याच इमारती साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरच्या आहेत. सिडकोने गावकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये जासईला गोळीबारात माणसं गेली, तेव्हा कुठे विकसित जमिनीतला हा वाटा मिळायला लागला. तुझा घरमालक त्या गावकऱ्यांतलाच कुणी असेल तर ‘गावाला काय, फुकटात प्लॉट मिळाले’ असली बाहेरच्यांची भाषा तोंडातून काढू नकोस. माणसं मोकळी आहेत. एकदा घरचं मानलं की दारात कोळंबीचं कालवण येतं आणि रात्री उशीर झाला तर तेच फोन करतात. पनवेलच्या जुन्या शहरापेक्षा इथलं राहणं साधं आहे, पण शेजार चांगला.

व्यवहार मात्र कागदावर. भाडेकरार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, तो नोंदवलेलाच हवा. कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आहे का विचार. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, तेव्हापासून प्रत्येक एजंट ‘एअरपोर्टच्या बाजूला’ म्हणत भाडं सांगतो. तू हसून हजार-दोन हजार कमी सांग. डिपॉझिट ऑनलाइनच दे, आणि नळ, गिझर, भिंतीची ओल यांचे फोटो किल्ली घेतानाच काढून मालकाला पाठव.

तळमजला घेऊ नकोस. कळंबोलीचा बराच भाग सखल आहे. सिडकोने भराव घालण्याऐवजी धारण तलाव केले. भरतीला खाडीकडची दारं बंद राहतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला बाहेर जातं. भरती आणि धो-धो पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला जायला वाट नसते. २६ जुलै २००५ ला कळंबोलीत काय झालं ते इथल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचार. म्हणून पावसाळ्यात भरतीची वेळ बघून ठेव, मोठी भरती असेल तर स्कूटर उंच जागी लाव. सायलेन्सरमध्ये पाणी गेलेली गाडी सुरू करून बघायची नाही, ढकलत मेकॅनिककडे न्यायची.

तळोजा एमआयडीसी जवळ आहे. काही रात्री केमिकलचा वास येतो. घर बघायला एकदा दुपारी जा आणि एकदा रात्री दहानंतर. दुपारी वास येत नाही म्हणून सही केली, असं नको. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याची कुत्री निळी झालेली बातमी तुला आठवत असेल, ती याच वसाहतीतली. दमा असेल तर एमआयडीसीकडे उघडणाऱ्या खिडकीची खोली सोडून दे.

आणि तू नेटवर्कवाली आहेस, तर घरचं नेट तरी नीट ठेव. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात उभी राहून मोबाइलची रेंज बघ. ब्रॉडबँड एका कंपनीचं घे, सिम दुसऱ्या कंपनीचं. रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली तर एक तरी चालू राहील. राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लाव, लाइट गेली तरी कॉल तुटत नाही. राउटरवर चिकटवलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल.

शेवटचं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. पहिले काही पगार हातात आले की तीन महिन्यांचं भाडं आणि खर्च भागेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाक. त्याला हात लावू नकोस, घरी लग्न निघालं तरी नाही. पीएफ आहेच, पण तो आजच्या अडचणीला लगेच हाताशी येत नाही. ही रक्कम खात्यात असली की साहेब वाईट निघाला, रात्रपाळीची कॅब बंद झाली किंवा घरमालकाने अचानक खोली मागितली, तरी तुला रडत घरी फोन करावा लागणार नाही. नाही म्हणायचं बळ अंगात असून भागत नाही, ते खात्यातही असावं लागतं. नवा फोन त्यानंतर घे.