आजारी घोरपडीची शुश्रूषा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्राच्या काठाकाठाने जाणारी सडक आरे आणि वारे या गावांपाशी डोंगराच्या कडेवर चढते. खाली दोन विस्तीर्ण पुळणी, त्यांच्यामध्ये समुद्रात शिरलेले डोंगराचे टोक, किनाऱ्याला सुरूची बने आणि वर जांभ्या दगडाचा सडा, असा हा देखावा आहे. उन्हाळ्यात सडा काळाठिक्कर व उजाड दिसतो. आषाढाच्या सरी कोसळल्या की त्याच कातळावर हिरवळ आणि चिमुकली रानफुले दाटून येतात. प्रवाशांची दृष्टी समुद्राकडे लागलेली असते. सड्याकडे फारसे कोणी पाहत नाही. परंतु तेथील दगडांच्या फटींत आणि बांधांच्या बिळांत एक मोठी वस्ती नांदत असते. पाली, सरडे, साप आणि घोरपडी यांची ती वस्ती होय. पांढऱ्या पट्ट्यांची एक लहानशी पाल तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या याच मुलखात आढळते. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावाजवळ सापडलेल्या या पालीचे शास्त्रीय वर्णन 1963 मध्ये प्रसिद्ध झाले.

या वस्तीतील सर्वांत थोर प्राणी म्हणजे घोरपड. पूर्ण वाढलेली घोरपड पाच फुटांपर्यंत लांब असू शकते. तिची नखे बळकट असतात. ती दुभंगलेली जीभ पुन्हा पुन्हा बाहेर काढून वास घेते आणि भुंगे, किडे, खेकडे, उंदीर व अंडी शोधून खाते. सिंहगडाच्या कड्यावर घोरपडीने दोर नेल्याची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. इतिहास म्हणून ती मानली जात नाही. परंतु घोरपडीची पकड लोकांच्या मनात किती ठसली होती, हे तिच्यावरून दिसते.

समजा, श्रावणातील एका ओल्या सकाळी वारे गावातील एक मुलगा शाळेला निघाला आहे. सडकेच्या वळणावर त्याला घोरपडीचे एक पिल्लू पडलेले दिसते. एखाद्या वाहनाचा धक्का लागून त्याचा मागचा पाय दुखावला आहे. अंग गार पडले आहे. डोळे अर्धवट मिटले आहेत. मुलाच्या मनात दया दाटून येते. ते पिल्लू घरी न्यावे, चुलीजवळ ठेवावे, त्याला दूध पाजावे, जखमेवर हळद दाबावी आणि बरे झाल्यावर आपल्याजवळच ठेवावे, असे त्याला वाटते. त्याचा हेतू अतिशय चांगला आहे. परंतु यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या पिल्लाला अपाय करणारी आहे. दयेला ज्ञानाची जोड नसेल, तर दया करणाऱ्याच्या हातूनही जीव जाऊ शकतो.

असे का व्हावे? मनुष्य, गाय किंवा कुत्रा यांचे शरीर आपली ऊब आतल्या आत निर्माण करते. घोरपडीचे तसे नाही. ती आपली ऊब बाहेरून, उन्हापासून आणि तापलेल्या कातळापासून मिळवते. म्हणूनच सकाळी ती दगडावर अंग पसरून ऊन खाते आणि तापल्यावरच भक्ष्याच्या शोधात निघते. अंग गार असेल, तर तिचे स्नायू मंदावतात आणि पचनही थांबते. अशा वेळी घातलेले अन्न पोटात तसेच पडून कुजू लागते. दूध तर या प्राण्यांचे अन्नच नव्हे. ते त्यांना पचत नाही. बळेच तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत गेले, तर प्राणावर बेतते.

आजारात ही ऊब किती मोलाची असते, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 1970 नंतरच्या दशकात वाळवंटी सरड्यांवर प्रयोग करून दाखवून दिले. रोगजंतूंची बाधा झालेले सरडे नेहमीपेक्षा अधिक उबदार जागा आपण होऊन निवडीत. मनुष्याला ताप आपोआप चढतो. या सरड्यांनी तो उष्ण जागी बसून मिळवला होता. ज्यांना अशी ऊब लाभली, त्यांतील पुष्कळ जगले. ज्यांना थंड जागी ठेवले, त्यांतील पुष्कळ दगावले. सूर्याची ऊब हेच त्या प्राण्यांचे पहिले औषध ठरले.

परंतु ऊब म्हणजे चुलीचा जाळ नव्हे. जखमी प्राणी विस्तवापासून दूर सरकू शकत नाही. तो भाजून निघतो. भर उन्हात बंद खोक्यात ठेवला, तर गुदमरून मरतो.

मग त्या मुलाने काय करावे? प्रथम एखाद्या वडील माणसाला हाक मारावी. पिल्लाला उघड्या हाताने धरू नये. भ्यालेली घोरपड चावते, नखे मारते आणि शेपटीचा फटकाराही देते. जाड फडके किंवा गोणपाट तिच्यावर हलकेच टाकून मोठ्या माणसाने तिला उचलावे. तळाशी कोरडे कापड घातलेल्या आणि हवेसाठी भोके पाडलेल्या खोक्यात तिला ठेवावे. खोके कोरड्या, उबदार आणि शांत कोपऱ्यात असावे. झाकण वरचेवर उघडून पाहू नये. कारण माणसाची नजर हीदेखील रानातल्या जीवाला मोठी भीती असते. जखमेवर हळद, चुना किंवा घरचे मलम लावू नये. त्यानंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. या प्राण्यांच्या अंगावरील जंतूंनी माणसाला पोटाचे विकार होऊ शकतात. आणि वेळ न दवडता महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पुढचे काम पशुवैद्याचे आहे. प्रथम ऊब, मग शरीरातील पाण्याची भरपाई आणि सर्वांत शेवटी अन्न, असा त्याच्या उपचाराचा क्रम असतो.

एवढ्यात एखादा शेजारी येऊन म्हणेल, “अरे, कशाला देतोस ती? घोरपडीचं तेल सांधेदुखीवर रामबाण!” या एका समजुतीपायी आजवर अगणित घोरपडी मारल्या गेल्या आहेत. त्या तेलाने सांधे बरे होतात, याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. शिवाय भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपडीला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. 1972 च्या या कायद्यानुसार तिला मारणे, विकणे किंवा घरात पाळणे हा गुन्हा आहे.

पाळण्याचा मोह मात्र शेजाऱ्याला नव्हे, त्या मुलालाच आवरावा लागतो. परदेशांत पुष्कळ कुटुंबांत ऑस्ट्रेलियातील दाढीवाले सरडे पाळतात. त्यांच्यासाठी काचेच्या पेटीत एका बाजूस ऊब, दुसऱ्या बाजूस गारवा आणि वर सूर्यकिरणांसारखा प्रकाश देणारा खास दिवा ठेवावा लागतो. तो प्रकाश नसेल, तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, अन्नातील चुना अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडून वाकतात. पिढ्यान् पिढ्या माणसाजवळ वाढलेल्या प्राण्याचीही जर ही अवस्था, तर सड्यावर जन्मलेल्या घोरपडीला खोक्यात कोणते सुख लाभणार?

वनरक्षक येतो, तेव्हा खोके त्याच्या हाती देताना मुलाचा जीव थोडा कळवळतो. ते स्वाभाविक आहे. परंतु त्याच वेळी त्याने एक गोष्ट सांगायला विसरू नये : ते पिल्लू नेमके कोठे सापडले. कारण बरे झाल्यावर त्याला आपल्या ओळखीच्या जागीच सोडणे इष्ट असते. तेथली बिळे, तेथले भक्ष्य आणि ऊन खाण्याचे दगड त्याला ठाऊक असतात.

आणि कदाचित काही आठवड्यांनी, पाऊस उघडलेल्या एखाद्या सकाळी, शाळेच्या वाटेवर त्या मुलाला सड्यावर एक घोरपड ऊन खात बसलेली दिसेल. ती तीच आहे की दुसरी, हे त्याला ओळखता येणार नाही. त्याची पावले वाजताच ती सरसर बिळात निघून जाईल. मागे वळून पाहणार नाही. शुश्रूषा करणाऱ्याने यापेक्षा अधिक कशाची अपेक्षा ठेवू नये. रोगी आपल्या पायांनी आपल्या घरी गेला, हेच तिचे फळ.

स्वाध्याय

1. गार पडलेल्या घोरपडीला अन्न का देऊ नये?
2. वाळवंटी सरड्यांवरील प्रयोगातून कोणती गोष्ट सिद्ध झाली?
3. ‘दयेला ज्ञानाची जोड नसेल, तर दया करणाऱ्याच्या हातूनही जीव जाऊ शकतो’ हे पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
4. तुमच्या गावाच्या परिसरात दिसणारे सरपटणारे प्राणी दुरून पाहा व त्यांपैकी एकाविषयी दहा ओळी लिहा.