गुडघ्याची कुरकुर

मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी किंवा शेजारी यंत्रमाग असतील. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत तर मागांचा खडखडाट ऐकतच मुले मोठी होतात. कारखान्यात वीस-पंचवीस माग एकदम चालू असतात. आपल्याला तो सगळा एकच गोंगाट वाटतो. पण जुना मिस्त्री मागांच्या रांगेतून चालता चालता एकदम थांबतो आणि म्हणतो, "याची बेअरिंग गेली." त्याने माग उघडून पाहिलेला नसतो. फार तर तो स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्रावर टेकवतो, त्याची मूठ कानाशी धरतो आणि लक्ष देऊन ऐकतो.

यंत्र न उघडता आतला बिघाड ओळखण्याची ही रीत आहे. माणसाच्या गुडघ्याच्या बाबतीतही असे करता येईल का?

हा प्रश्न माझ्या मनात नानीमुळे आला. मी लहान असताना ती जमिनीवरून उठली की तिच्या गुडघ्यातून करकर असा आवाज येई. आम्ही मुले हसायचो. तीही हसून म्हणायची, "माझी हाडे गप्पा मारतात." दुखत नव्हते, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. काही वर्षांनी दुखू लागले. मग ती नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढू लागली. तेव्हा अम्मीने तिला दवाखान्यात नेले. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "हाडांमधली गादी जवळजवळ संपली आहे." नानीचा गुडघा इतकी वर्षे काहीतरी सांगत होता. ते ऐकून समजून घेणारे कोणी नव्हते, एवढेच.

ही गादी म्हणजे काय ते आधी पाहू. गुडघ्यात तीन हाडे एकत्र येतात. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे गुडघ्याची वाटी. ही हाडे एकमेकांना जिथे टेकतात, तिथे त्यांच्यावर एक गुळगुळीत थर असतो. त्याला मराठीत कूर्चा म्हणतात. तुम्ही ती नक्की पाहिली आहे. बकरी ईदला पाये साफ करताना हाडाच्या टोकावर जो पांढरा, किंचित निळसर, चमकदार थर दिसतो, तीच कूर्चा. त्यावरून बोट फिरवून पाहा. ओल्या काचेवरून फिरवल्यासारखे वाटते. माणसाच्या वाटीच्या मागच्या बाजूची कूर्चा शरीरात सर्वांत जाड असते. काही ठिकाणी ती ५ मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही जाड असते. सांध्यात थोडासा चिकट द्रवही असतो. त्या द्रवामुळे आणि कूर्चेमुळे हाडे एकमेकांवरून जवळजवळ न घासता सरकतात.

आता अडचण ऐका. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणून ती झिजली तर हाताच्या खरचटल्यासारखी भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नसतात. म्हणून झीज सुरू झाली तरी ती स्वतः दुखत नाही. दुखणे सुरू होते ते आजूबाजूच्या भागांना त्रास पोचल्यावर, म्हणजे बराच उशीर झाल्यावर. बरे, एक्स-रे काढावा, तर त्यात कूर्चा दिसतच नाही. दोन हाडांमधली मोकळी जागा तेवढी दिसते. ती जागा कमी झाली की कूर्चा झिजली असा अंदाज डॉक्टर बांधतात. एम.आर.आय. या तपासणीत कूर्चा दिसते, पण ती महाग आहे आणि लहान गावांत ती सोय नसते. दुर्बीण आत घालून प्रत्यक्ष पाहता येते, पण त्यासाठी गुडघ्याला छिद्र पाडावे लागते. नुसत्या शंकेसाठी कोण छिद्र पाडून घेईल?

मग उरतो मिस्त्रीचा मार्ग. ऐकणे.

हा मार्ग नवा नाही. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही रॉबर्ट हुकचे नाव वाचले असेल. पेशी हा शब्द ज्याच्यामुळे आला तोच हा इंग्लंडमधला शास्त्रज्ञ. शरीराच्या आत काय हालचाल चालते ते आवाजावरून कळू शकेल, असा विचार त्याने तीनशे वर्षांपूर्वीच मांडला होता. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीवर ठेवली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. तो छातीवरून गुडघ्यावर यायला फार काळ लागला नाही. १९०२ साली बोस्टनच्या ब्लॉजेट या डॉक्टरने गुडघ्यातून ऐकू येणाऱ्या आवाजांवर लेख लिहिला. १९३७ साली अमेरिकेतल्याच स्टाइंडलर यांनी यंत्राच्या मदतीने शेकडो गुडघ्यांचे आवाज नोंदवले.

पण कान आणि मायक्रोफोन यांची एक खोड आहे. ते खोलीतला पंखा, बाहेरची रिक्षा, कातडीवर घासणारा कपडा, सगळेच ऐकतात. शिवाय गुडघ्याची काही थरथर इतकी मंद असते की ती कानाला ऐकूच येत नाही. आयर्लंड बेटावरच्या बेलफास्ट शहरात १९८० च्या सुमारास मोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय केला. आवाज ऐकण्याऐवजी त्यांनी थरथर, म्हणजे कंपन, मोजायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांनी त्वरणमापक वापरला. नाव अवघड आहे, पण वस्तू तुमच्या ओळखीची आहे. मोबाइल आडवा धरला की चित्रही आडवे होते ना? ते मोबाइलमधल्या अशाच एका चिमुकल्या त्वरणमापकामुळे.

तपासणी अगदी सोपी असते. माणसाला उंच टेबलावर बसवतात. पाय मोकळे लोंबत असतात. वाटीच्या मधोमध चिकटपट्टीने त्वरणमापक लावतात. मग तो माणूस वाकलेला पाय सावकाश सरळ करतो आणि पुन्हा वाकवतो. सुई नाही, किरण नाहीत, दुखणे नाही.

या विषयावर कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात पुष्कळ काम झाले. तिथले एक प्रमुख संशोधक रंगराज रंगय्यन आपल्या देशातलेच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून त्यांनी १९८० साली पीएच.डी. मिळवली. त्यांच्या प्रयोगात पाय सरळ करून परत वाकवायला सुमारे ४ सेकंद लागत आणि यंत्र दर सेकंदाला २००० वेळा कंपन मोजत असे. आता हिशेब करा. एका गुडघ्याच्या एका हालचालीचे ८००० आकडे झाले! ते कागदावर रेषेने काढले की गुडघ्याचा आलेख तयार होतो.

निरोगी गुडघ्याची रेषा बरीच शांत असते. लहान लहान लाटा, फार चढउतार नाही. डांबरी रस्त्यावरून सायकल चालवताना हँडल जसे हातात स्थिर राहते, तसेच. कूर्चा खरबरीत झाली असेल तर रेषा खडीच्या रस्त्यावरच्या हँडलासारखी थडथडते. लाटा उंच होतात आणि पुन्हा पुन्हा वरखाली वळतात. ही वळणे संगणक मोजतो. गुडघा किती अंशांत वाकला असताना थडथड झाली हेही कळले, तर खरबरीत जागा साधारण कुठे असेल याचा अंदाज येतो. कारण वाकण्याच्या प्रत्येक टप्प्यावर वाटीचा वेगळा भाग मांडीच्या हाडाला टेकतो.

मला स्वतःला या साऱ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पाय सरळ करताना मांडीचा स्नायू आवळला जातो आणि तोही थरथरतो. म्हणजे गुडघ्याचे बोलणे ऐकायला जावे, तर शेजारी मध्येच बोलतो! संशोधकांनी मग स्नायूची थरथर वेगळी मोजली आणि गणिताने ती वजा केली. वर्गात तुम्ही विचारता ना, "सर, एवढे गणित कशाला शिकायचे?"

तरीही हे यंत्र अजून प्रत्येक दवाखान्यात पोचलेले नाही, आणि त्याची कारणे आहेत. पाय जोरात हलवला तर आलेख बदलतो. यंत्र थोडे बाजूला चिकटवले तरी बदलतो. कॅल्गरीच्या प्रसिद्ध संग्रहात फक्त ८९ नोंदी आहेत: ५१ निरोगी आणि ३८ तक्रार असलेल्या. तक्रार असलेल्यांची दुर्बिणीने तपासणी व्हायचीच होती, त्यामुळे त्यांच्या गुडघ्यात काय आहे ते डोळ्यांनी पाहता आले. निरोगी लोकांचे गुडघे मात्र कोणी उघडून पाहिले नाहीत. त्यांना विचारून आणि बाहेरून तपासूनच निरोगी ठरवले. ते योग्यच होते. पण त्यांच्यातल्या एखाद्याची कूर्चा गुपचूप झिजत असली तर? ती तर दुखत नाही, हे आपण वर वाचलेच.

आणखी एक. बोटे मोडताना कट्‌ असा आवाज येतो, तसा गुडघ्यातूनही कधी एकदाच येतो. त्याला घाबरू नका. २०१५ साली कॅनडातच बोट मोडतानाची चित्रे एम.आर.आय. यंत्राने घेतली, तेव्हा त्या क्षणी सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना दिसली. न दुखणारा, कधीतरी होणारा असा आवाज बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण प्रत्येक वेळी वाकवताना होणारी करकर, तिच्याबरोबर सूज किंवा दुखणे असेल, तर ती डॉक्टरांना दाखवावी.

आज घरी गेल्यावर उंच बाकावर बसा. गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवा आणि पाय सावकाश सरळ करा. बहुधा तुम्हाला काहीच जाणवणार नाही. मग दादी किंवा नानीची परवानगी घ्या आणि त्यांच्या गुडघ्यावर तसाच हात ठेवा. त्यांना पाय हळूच हलवायला सांगा.

शब्दार्थ : कुरकुर – बारीक आवाज, तक्रार. कंपन – थरथर. खरबरीत – गुळगुळीत नसलेले. निरुपद्रवी – ज्यापासून त्रास होत नाही असे.

स्वाध्याय
१. कूर्चेची झीज उशिरा का कळते?
२. कान किंवा मायक्रोफोन यांपेक्षा त्वरणमापक अधिक उपयोगी का ठरला?
३. 'करकर', 'थडथड', 'खडखडाट' यांसारखे आणखी पाच शब्द लिहा. तुमच्या घरी त्या आवाजांना काय म्हणतात तेही लिहा.
४. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून तुम्हाला काय जाणवले, ते चार वाक्यांत लिहा.