गेट म्हणजे रस्ता, पोर्ट म्हणजे वेस

प्रश्न : माझी मुलगी एडिंबराला शिकायला आहे. फोनवर ती तिथल्या पाट्यांवरची नावं सांगते आणि आम्ही घरी हसत बसतो. एका गल्लीचं नाव 'वर्ल्ड्स एंड क्लोज', एका पबचं 'द लास्ट ड्रॉप', आणि मैत्रिणींबरोबर फिरायला गेली त्या गावाचं नाव चक्क 'डल'! ही नावं तिथल्या लोकांनी गंमत म्हणून ठेवली आहेत की त्यामागे काही कारण आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेल्या तीन नावांपैकी एकच मुद्दाम गंमत म्हणून ठेवलेलं आहे, ते पबचं. बाकी दोन्ही सरळ साधी नावं आहेत. ती ज्या काळात आणि ज्या भाषेत पडली, ते दोन्ही मागे राहिलं, म्हणून आज ऐकताना विचित्र वाटतात.

आधी गल्ली. १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत इंग्रजांनी स्कॉटलंडचा पराभव केला, राजा चौथा जेम्स रणातच पडला. आता इंग्रज फौज राजधानीवर चालून येणार या धास्तीने एडिंबराकरांनी शहराचा तट वाढवायला घेतला. पूर्वेकडची मोठी वेस म्हणजे नेदरबो पोर्ट, आणि वेशीच्या आतली अगदी शेवटची बोळवजा गल्ली ती ही. वेशीपलीकडे कॅननगेट सुरू व्हायचं. तो वेगळा गाव, त्याचा कारभारही वेगळा, आणि १८५६ पर्यंत तो तसाच राहिला. तटाच्या आत राहणाऱ्या माणसाचं जग खरोखरच तिथे संपत होतं. ती वेस १७६४ साली पाडली, पण ती जिथे उभी होती तिथे रस्त्यात पितळी ठोकळे बसवलेले आहेत. तुमची मुलगी त्यांवरून कितीदा तरी चालून गेली असेल. तिला एकदा खाली बघायला सांगा.

इथेच आपली आणखी एक फसगत होते. 'गेट' म्हटलं की आपल्याला फाटक आठवतं. स्कॉटिश गावांत 'गेट' म्हणजे रस्ता. तो शब्द व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून आला. कॅननगेट हा होलीरूड मठातल्या कॅनन धर्मगुरूंचा रस्ता, काउगेट हा गुरं हाकत न्यायचा रस्ता. ग्लासगोतलं ट्रॉनगेट म्हणजे जिथे बाजाराचा सरकारी काटा होता तो रस्ता, आणि गॅलोगेट म्हणजे फाशीच्या माळाकडे जाणारा. मग वेशीला काय म्हणायचं? 'पोर्ट'! एडिंबरात वेस्ट पोर्ट नावाचा रस्ता आहे आणि तिथे बंदर शोधणाऱ्याला पाण्याचा थेंबही दिसणार नाही. तशीच फ्लेशमार्केट क्लोज ही मटणबाजाराची गल्ली. नाव ऐकून दचकायला होतं, पण 'फ्लेश' हा तिथे मटणाचा रोजचा जुना शब्द होता.

पबचं नाव मात्र खरंच दुहेरी आहे. 'लास्ट ड्रॉप' म्हणजे पेल्यातला शेवटचा थेंब, आणि फाशीच्या तक्त्यावरून खाली पडणंही. हा पब ग्रासमार्केटमध्ये आहे आणि १७८४ पर्यंत तिथे जाहीर फाशी देत असत. त्याच चौकात आणखी एक पब आहे, 'मॅगी डिक्सन्स'. मला विचाराल तर दोहोंत हे नाव जास्त महत्त्वाचं आहे. मॅगी ही शेजारच्या मसलबराची, मासे विकून पोट भरणारी बाई. गरोदरपण लपवलं आणि मूल दगावलं, एवढ्यावरून त्या काळच्या कायद्याने तिला १७२४ साली फाशी दिली. प्रेत पेटीत घालून नातेवाईक गाडीतून मसलबराला निघाले. वाटेत पेटीतून आवाज आला, झाकण उघडलं तर बाई जिवंत! पुन्हा फाशी द्यायची की नाही, हा प्रश्न उभा राहिला. शिक्षा एकदा अमलात आणून झाली आहे असं ठरलं आणि ती सुटली. त्यानंतर ती कित्येक वर्षं जगली, लोक तिला 'हाफ-हँगिट मॅगी', म्हणजे अर्धवट फाशी गेलेली मॅगी म्हणत. त्या चौकात फाशी गेलेल्या कितीतरी गरिबांची नावंही आज कुणाला माहीत नाहीत. एका कोळणीचं नाव तीनशे वर्षांनीही दारावर आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पबांच्या नावातलं 'आर्म्स' बघून गोंधळू नका. ते हातही नव्हेत आणि शस्त्रंही नव्हेत. एखाद्या घराण्याचं, गावाचं किंवा व्यवसायाचं कुलचिन्ह असा त्याचा अर्थ. पण पाटीवरचं नाव एक आणि तोंडातलं दुसरं, हा प्रकार तिथे सर्रास चालतो. एडिंबराच्या पश्चिम भागात 'अॅथलेटिक आर्म्स' नावाचा पब आहे. नाव खेळाडूंचं, जवळच फुटबॉलचं मैदानही आहे. तरी गावातला कुणीही त्याला 'डिगर्स' म्हणतो, म्हणजे खणणारे. आसपास दोन दफनभूमी आहेत. तिथे कबरी खणणारे कामगार पाळी संपली की मातीने माखलेल्या बुटांनिशी इथे यायचे. मालकाने खेळाडूंचं नाव लावलं, पण नाव चाललं ते त्या कामगारांचं.

तुमच्या मुलीला अजून दिसलं नसेल असं एक नाव मी सुचवतो. एडिंबराच्या आसपास खाणकामगारांच्या जुन्या गावांत 'द गॉथ' नावाचे पब आहेत. काळे कपडे घालणाऱ्या, उदास संगीत ऐकणाऱ्या तरुणांशी त्यांचा काही संबंध नाही. हे नाव आलं स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहरावरून. तिथे एक पद्धत निघाली : दारूचं दुकान एका मंडळाने चालवायचं, भागधारकांना ठरावीक मर्यादेपर्यंतच नफा द्यायचा, आणि वरचा सगळा पैसा गावासाठी खर्च करायचा. स्कॉटलंडमध्ये ही मर्यादा साधारण ५ टक्के असे. तिथला पहिला असा पब १८९६ साली फाइफमधल्या हिल ऑफ बीथ या कोळसाखाणीच्या गावी सुरू झाला. माणसाने जास्त प्यावं असं काहीच तिथे ठेवायचं नाही, खोली साधी, खेळ नाहीत, उधारी नाही. उरलेल्या पैशातून कुठे वाचनालय झालं, कुठे बाग, कुठे लोळत्या चेंडूच्या खेळाची हिरवळ, कुठे सिनेमागृह. न्यूटनग्रेंज गावातला 'डीन टॅव्हर्न' १८९९ सालचा, आणि आजही तो एका विश्वस्त संस्थेकडे आहे. प्रेस्टनपॅन्समधला 'प्रेस्टनग्रेंज गॉथेनबर्ग' १९०८ सालचा. दारूचा पैसा ज्या गावातून गोळा होतो त्याच गावात तो परत आला पाहिजे, हा विचार त्या दोन अक्षरी पाटीमागे आहे. एडिंबराहून ही दोन्ही गावं जवळ आहेत. सुट्टीच्या दिवशी जाऊन यायला हरकत नाही.

आता 'डल'. पर्थशरमधल्या या चिमुकल्या गावाचं नाव बहुधा जुन्या गॅलिक भाषेतलं आहे. इंग्रजी 'डल'शी त्याचं नातं नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात 'बोअरिंग' नावाचं गाव आहे. तेही कंटाळवाणं म्हणून नव्हे, तिथे वसलेल्या बोअरिंग आडनावाच्या गृहस्थावरून पडलेलं नाव. २०१२ साली या दोन गावांनी मैत्री जाहीर केली आणि डलच्या वेशीवर तशी पाटी लागली. पुढे ऑस्ट्रेलियातलं 'ब्लँड'ही त्यांत सामील झालं. आपल्या नावावर जग हसतंय हे कळल्यावर रुसून न बसता डलकरांनी पाहुणे बोलावले, ते मला मनापासून आवडलं.

गॅलिक आणि नॉर्स नावांची इंग्रजीत अशी दैना बऱ्याच ठिकाणी झाली. 'मक' नावाचं बेट आहे. इंग्रजीत अर्थ चिखल किंवा घाण, गॅलिकमध्ये डुक्कर. शेजारचं बेट 'रम'. त्याच्या श्रीमंत मालकाला 'रमचे जमीनदार' म्हणवून घ्यायला लाज वाटे, म्हणून त्याने स्पेलिंगमध्ये एक एच घुसवला. तो एच गेल्या शतकाच्या अखेरीस काढून टाकला. डम्फ्रिसच्या बाजूला 'ए' नावाचं गाव आहे, १९४७ साली वनखात्याच्या कामगारांसाठी वसवलेलं. रोमन लिपीत दोन अक्षरं, संपलं.

उच्चारांबद्दलही मुलीला सावध करा. ग्लासगोजवळच्या मिल्नगेव्ही गावाला 'मलगाय' म्हणतात, कर्ककडब्राइटला 'कर्कूब्री'. 'मेंझीज' हे नाव विमानतळावर सामान हाताळणाऱ्या कंपनीमुळे आपल्याकडेही दिसतं. ती मुळात एडिंबरात १८३३ साली सुरू झालेली पुस्तक-वर्तमानपत्रांची पेढी. या आडनावाचा जुना स्कॉटिश उच्चार 'मिंगिस' असा. जुन्या स्कॉट्स लिपीत 'योख' नावाचं एक अक्षर होतं, छापखानेवाल्यांकडे त्याचा खिळा नव्हता, म्हणून दिसायला जवळचा झेड त्यांनी लावला. खिळ्याची ती अडचण आजतागायत आडनावात राहिली आहे.

सगळीच नावं हसण्यासारखी नाहीत. एडिंबरातलं 'डम्बीडाइक्स' ऐकायला मजेशीर वाटतं. तिथे थॉमस ब्रेडवुड यांनी १७६०च्या दशकात कर्णबधिर मुलांची शाळा चालवली, ब्रिटनमधली त्या प्रकारची पहिली, आणि लोकांनी त्या घराला मुक्यांचं घर म्हणून हे नाव पाडलं. ग्लासगोतल्या जमेका स्ट्रीट, टोबॅगो स्ट्रीट, व्हर्जिनिया स्ट्रीट या नावांत तर गुलामांच्या श्रमावर चाललेला साखर-तंबाखूचा व्यापार आहे. त्या शहराच्या नगरपालिकेने २०२२ साली या इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली. अशी नावं पुसावीत का, हा वाद तिथे चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे : नाव राहू द्यावं आणि त्याखाली खरी हकिकत लिहावी. नुसती पाटी उतरवली तर ज्यांनी सोसलं त्यांची तेवढीही आठवण उरत नाही.

आणि हो, एअरशरमध्ये 'पाटणा' आहे. कोळसाखाणीच्या मजुरांसाठी विल्यम फुलर्टन यांनी १८०२ साली ते वसवलं. त्यांच्या घराण्याचा ईस्ट इंडिया कंपनीमुळे बिहारातल्या पाटण्याशी संबंध होता. दूर उत्तरेला ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस गावात एका अरुंद बोळाला 'खैबर पास' म्हणतात.

प्रश्न : महाबळेश्वरचा आर्थर्स सीट आणि एडिंबरातला आर्थर्स सीट यांचा संबंध आहे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : नाव एकच, माणसं वेगळी. एडिंबरातली ती २५१ मीटर उंचीची टेकडी म्हणजे विझलेला ज्वालामुखी आहे आणि लोक तिचं नाव दंतकथेतल्या राजा आर्थरशी जोडतात. आपलं टोक आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचं. स्कॉटलंडशी महाबळेश्वरचा खरा धागा आहे तो माल्कम पेठेचा. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम हे डम्फ्रिसशरमधल्या लँगमजवळचे. त्यांच्या कारकिर्दीत सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून ही जागा घेऊन इंग्रजांनी तिथे गाव वसवलं. लँगमच्या टेकडीवर माल्कम यांचा उंच दगडी स्तंभ १८३५ पासून उभा आहे. केट्स पॉइंटला त्यांच्याच मुलीचं नाव दिलं.

पण साहेब येण्याआधीही या टोकांना नावं होती. आर्थर्स सीटला मढीमहाल, केट्स पॉइंटला नाके खिंड, विल्सन पॉइंटला सिंदोळा. महाबळेश्वर, वाई, जावळी भागातल्या वाचकांच्या घरी अशी आणखी जुनी नावं कुणाच्या तोंडी असतील, तर ती कुणाकडून ऐकली त्या माहितीसह आम्हाला जरूर लिहून कळवा.