पडद्यामागची मोटर

बिल्डरच्या माहितीपत्रकात आमच्या हॉलच्या खिडकीला ‘सनसेट व्ह्यू’ म्हटलं होतं. तो आहेच, फक्त पुण्याच्या उन्हाळ्यात तो दुपारी तीनलाच सुरू होतो. म्हणून पडद्यांना मोटर बसवल्या आणि पुढे त्या घरातल्या दिव्या-पंख्यांच्या ऑटोमेशनला जोडल्या. आता ओळखीत कुणी फ्लॅटचं काम काढलं, की मला फोन येतो. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहून काढते आहे.

१. आधी कापड, मग मोटर.

शोरूममध्ये मोटर किती गुपचूप चालते ते ऐकवतात, मोबाइलवरून पडदा वरखाली करून दाखवतात. कापडाचा नमुना मात्र ट्यूबलाइटखाली हातात देतात. तो मागून घ्या आणि घरी आपल्या खिडकीवर धरून बघा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. जाळीदार सनस्क्रीन कापडातून दिवसा आपल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्यांना आतलं दिसत नाही. आत दिवे लागले की नेमकं उलटं. दिवेलागणीला घर शहाण्यासारखं आपोआप पडदे पाडतं आणि समोरच्या इमारतीला तुमचं जेवणाचं टेबल दिसत राहतं. त्याला ऑटोमेशन काय करणार?

दुसरं, उन्हाबद्दल. ऊन काचेतून आत आलं की उष्णता घरात आलीच. आतला पडदा त्यातली थोडी परतवतो, पाठ पांढरी असेल तर जरा जास्त. काचेच्या बाहेर टांगलेली साधी बांबूची चिक या बाबतीत महागड्या मोटरवाल्या पडद्यावर मात करते. आमच्या बाल्कनीत अजून चिकच आहे, दोरीने गुंडाळायची.

२. पेल्मेटमधला पॉइंट रंगकामाच्या आधी काढून घ्या.

खिडकीच्या डोक्यावर प्लग कुणाच्याच घरात नसतो. नंतर भिंत फोडायची नसेल तर बॅटरीवाली मोटर घ्यावी. पण तिचं चार्जिंगचं भोक छताजवळ असतं आणि स्टुलावर कोण चढणार, हे आधी ठरवावं.

३. चार तारांची मोटर साध्या स्विचवर देऊ नका.

२३० व्होल्टवर चालणाऱ्या नळीच्या मोटरला चार तारा असतात: न्यूट्रल, अर्थिंग आणि दोन फेजच्या. एकीला वीज दिली की पडदा वर, दुसरीला दिली की खाली. दोन्हींना एकदम मिळाली तर मोटर कामातून जाऊ शकते. त्यामुळे तिथे दोन साधे स्मार्ट स्विच शेजारी-शेजारी बसवून भागत नाही. एक बाजू चालू असताना दुसरी लागूच नये, अशी सोय असलेला शटर किंवा कर्टन मोडचा रिले लागतो.

“ताई, दोन्ही खिडक्या एकाच बटनावर घेऊ का?” असं इलेक्ट्रिशियन हमखास विचारतो, कारण त्याची वायर वाचते. नाही म्हणा. दोन मोटर थेट समांतर जोडल्या, की एकीच्या वाइंडिंगमधून उलट दिशेची वीज दुसरीला मिळते आणि पडदे टोकाला जाऊन अडखळत बसतात. प्रत्येक मोटरला स्वतःचा रिले द्यावा आणि दोघींना एकत्र हलवायचं काम सॉफ्टवेअरवर सोडावं. तिथे ते फुकट होतं.

४. पडदा परत बोलतो का, ते विचारून घ्या.

सगळा प्रश्न इथे आहे आणि दुकानात नेमका हाच विचारला जात नाही. बाजारातल्या बहुतेक स्वस्त मोटर ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटवर चालतात. रिमोट सांगतो, मोटर ऐकते. उलट उत्तर देत नाही. अशी मोटर रेडिओ ब्रिज लावून ऑटोमेशनला जोडता येते, पण पडदा कुठे आहे हे सिस्टिमला कधीच कळत नाही. ती आपल्या शेवटच्या आदेशावरून अंदाज बांधते. घरातल्या कुणी मूळचा रिमोट दाबला, की तो अंदाज चुकला. त्यातही काही कंपन्या प्रत्येक वेळी बदलणारा रोलिंग कोड वापरतात. फ्रान्सच्या सोम्फीची ४३३.४२ मेगाहर्ट्झवरची आरटीएस पद्धत अशीच आहे. चोरांपासून ते चांगलं, पण रिमोटचा सिग्नल ‘शिकणारी’ शंभर उपकरणांची डबी तिथे काहीच शिकत नाही.

झिगबी, थ्रेड किंवा वाय-फायवरच्या मोटर उत्तर देतात: मी निघाले, मी अर्ध्यावर आहे, मी थांबले. माझी पसंती झिगबीला. मात्र बॅटरीवरची झिगबी मोटर वीज वाचवायला झोपून असते, ती शेजारणीचा निरोप पुढे पोचवत नाही. ते काम विजेवर चालणारे प्लग आणि स्विच करतात. हब हॉलमध्ये आणि पडदा टोकाच्या खोलीत असेल, तर मधल्या पॅसेजमध्ये एक झिगबी प्लग लावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

अमेरिकेहून सामान आणणाऱ्यांसाठी खास सूचना. तिथल्या झेड-वेव्हच्या मोटर ९०८.४२ मेगाहर्ट्झवर बोलतात, भारतातली झेड-वेव्ह ८६५.२ वर. एकमेकींना त्या ऐकूच येत नाहीत. शिवाय तिथली थेट विजेवरची मोटर १२० व्होल्टची. न्यू जर्सीहून येणाऱ्या भाच्याला चॉकलेटंच आणायला सांगावं.

५. शंभर टक्के म्हणजे उघडा की बंद?

होम असिस्टंट या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ० म्हणजे बंद आणि १०० म्हणजे पूर्ण उघडा. झिगबीच्या आणि २०२२ साली आलेल्या मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या मानकाच्या नियमांत १०० म्हणजे पूर्ण बंद. सॉफ्टवेअर हा हिशोब एरवी आपणहून फिरवून घेतं. पण मोटर उलटी बसवलेली असेल, किंवा कंपनीने स्वतःचंच डोकं चालवलं असेल, तर सकाळी ‘उघड’ म्हटल्यावर खोलीत अंधार होतो. म्हणून वरची आणि खालची मर्यादा आधी मोटरमध्येच नीट बसवावी, मग दिशा तपासावी आणि त्यानंतरच नियम लिहायला घ्यावेत. खालची मर्यादा खिडकीच्या कट्ट्याच्या बोटभर वर ठेवा. कट्ट्यावर तुळशीच्या बिया वाळत असतात, किंवा मांजर असतं.

६. घड्याळ बघू नका, सूर्य बघा.

‘रोज दुपारी तीनला पडदा खाली’ हा नियम सगळ्यांना सुचतो आणि पंधरवड्यात चुकायला लागतो. पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आत मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या सुमारास. नुसती वेळच नाही, जागाही सरकते. २१ डिसेंबरला तो पश्चिमेच्या २५ अंश दक्षिणेला टेकतो, २१ जूनला तितकाच उत्तरेला. म्हणजे वर्षभरात मावळतीची जागा क्षितिजावर पन्नास अंशांनी हलते. आम्ही ‘पश्चिमेची’ म्हणतो त्या खिडकीत उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगवेगळ्या कोपऱ्यांतून ऊन शिरतं.

दक्षिणेच्या खिडकीची गंमत तर आणखी वेगळी. पुणे १८.५ अंश अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. छज्जा असेल तर दक्षिणेच्या काचेला ऊन लागतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४८ अंशांपर्यंतच चढतो आणि पार सोफ्यापर्यंत येतो. तेव्हा मे महिन्यात दक्षिणेचे पडदे पाडणं म्हणजे उगाच अंधार करून दिवे लावणं, आणि डिसेंबरातलं ते ऊन आमच्या घरी सगळ्यांना हवंच असतं.

होम असिस्टंटला घराचे अक्षांश-रेखांश दिले, की सूर्याची दिशा आणि उंची दोन्ही कळतात. नियम असा लिहावा: सूर्य या दिशेपासून त्या दिशेपर्यंत असेल, इतक्या अंशांच्या वर असेल आणि ढग नसतील, तरच पडदा खाली. ढगांसाठी खिडकीत प्रकाशाचा छोटा सेन्सर बसवा. हवामानाचं ॲप सबंध शहराचं सांगतं, आपल्या खिडकीचं नाही. आणि सेन्सरने दाखवलेला बदल निदान दहा मिनिटं टिकला तरच हालचाल करायची, नाहीतर श्रावणात पडदा वरखाली करून दमेल.

७. शेवटचा शब्द हाताचा.

सासूबाई जेवणानंतर पश्चिमेच्या खिडकीशी बसून मेथी निवडतात. त्यांना ऊन चालतं. पानातली अळी दिसली पाहिजे, एवढीच अट. नियमाप्रमाणे पडदा खाली यायला लागला, की त्या न उठता म्हणतात, “अगं, ह्याला सांग मी अजून बसले आहे.” त्यांनी भिंतीवरचं बटन दाबून पडदा वर केला, की आमच्या सिस्टिमने त्या खिडकीचे नियम तीन तास गुंडाळून ठेवायचे असं ठरलं आहे. पडदा परत बोलणारा असेल तरच हे जमतं, कारण कुणी तरी हाताने हलवला हे सिस्टिमला कळावं लागतं. मोबाइलमध्ये ॲप शोधायला लावणारं घर म्हाताऱ्या माणसांना आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. भिंतीवर बटन हवंच.

खिडक्यांची नावंही घरात बोलतो तीच ठेवा. आमच्याकडे ‘आईंची खिडकी’ आहे. ‘लिव्हिंग कव्हर टू’ कुणाच्या लक्षात राहतं?

८. मुलांना दहा वेळा वरखाली करू द्या. मोटर मधेच थांबली तर घाबरू नका.

विजेवरच्या नळीच्या मोटर सलग चार-पाच मिनिटंच चालायला बनवलेल्या असतात. तापल्या की आतलं संरक्षण त्यांना बंद करतं, निवल्यावर त्या पुन्हा चालतात. ‘जळली’ म्हणून दुकानदाराला बोलवण्याआधी अर्धा तास जाऊ द्या. लोंबती दोरी नसणं हा मोटरचा मोठा फायदाही मुलांसाठीच आहे. गळ्याला फास बसण्याच्या अपघातांमुळे अमेरिकेत तयार मिळणारे ब्लाइंड २०१८ अखेरपासून बिनदोरीचे किंवा हाताला न लागणाऱ्या दोरीचेच असावेत, असं मानक आलं.

९. इंटरनेट नसताना आणि लाइट नसताना काय होतं, ते मुद्दाम करून बघा.

राउटरला येणारी इंटरनेटची तार काढा आणि बटन दाबा. पडदा हलला पाहिजे. हलला नाही, तर तुमचा आदेश कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन येतो आहे. नियम घरातल्याच छोट्या संगणकावर चालावेत, आणि तो संगणक, हब व राउटर तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर असावेत. मग मेन स्विच पाडून परत लावा. वीज आल्यावर मध्यरात्री सगळे पडदे आपणहून उघडतात की काय, हे पाहुण्यांच्या आधी आपल्याला कळलेलं बरं. सरकत्या पडद्याची मोटर घेत असाल, तर लाइट नसताना तो हाताने ओढता येतो ना, तेही तेव्हाच बघून घ्या.

१०. कागदावर लिहून ठेवा.

मोटरचं मॉडेल, मर्यादा बसवताना कोणतं बटन किती वेळ दाबायचं, रिसेट कसं करायचं, रिले कोणत्या बोर्डात आहे. मी हे पेल्मेटच्या आतल्या बाजूला स्टिकरवर लिहून चिकटवलं आहे. बसवणारा मुलगा पुढच्या वेळी वेगळाच असतो आणि तो स्टुलावर चढल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतो.