उचल, खाडा आणि बाकी

जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराची आणि साखर कारखान्याची थेट गाठ पडत नाही. मध्ये मुकादम असतो. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी भागांत तो पावसाळ्यातच फिरू लागतो, कारण पेरणीला आणि दवाखान्याला पैसा तेव्हाच लागतो. तो देतो ती उचल, म्हणजे पुढच्या हंगामाच्या मजुरीतून फेडायची रक्कम. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल मात्र नवऱ्याच्याच हातात पडते.

तोडणीचा दर टनावर असतो. तो साखर संघ आणि मजूर संघटना बैठकीत ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्क्यांवर गेले. पण हा दर आणि हाती पडणारा पैसा यांच्यामध्ये मुकादमाची वही असते. गैरहजेरीचा दंड, म्हणजे खाडा, तीत तोच लिहितो.

प्रस्तुत लेखकाच्या कोयत्याचा हिशेब पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, झाला. मुकादम भावकीतलाच. हंगामभर ‘दादा, दादा’ करणारा हा माणूस त्या दिवशी वहीतून मान वर करेना. कारखान्यात बिघाड होऊन तोड बंद राहिली होती, त्या दिवसांचेही खाडे लावलेले होते! वजनाच्या पावत्या मागितल्या तर “भावकीत पावत्या कशाला?” असे उत्तर आले. राबून उलट बाकी निघाली, आणि बाकी निघाली की पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडे. वहीची मांडणीच त्यासाठी असते.

म्हणून प्रत्येक खेपेच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढावा. खाडा कोणी व का लावला, हे तारखेसह आपल्या वहीत लिहावे; तोड बंद असल्याचा दिवस वेगळा नोंदवावा. उचल शक्यतो बँक खात्यातूनच घ्यावी. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा देऊ नये, नातलग असला तरी. नातलग असेल तर मुळीच नाही. हिशेबाला बायकोने बसलेच पाहिजे, अर्धे काम तिचे असते. मुकादम पारखून घ्यावा, असे सगळेच सांगतात. पेरणी तोंडावर असताना पारखायला सवड कोणाला असते?

उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.